आयतवारचं मिसिंग

चौक्याच्या चढावर गाडीने तिसऱ्यांदा मिसिंग मारलं, म्हणजे ठोका चुकवला, तेव्हा मी खाली उतरलो आणि सायलेन्सरला एक लाथ घातली. पायात स्लिपर होती आणि सायलेन्सर तापलेला. गाडीला काही झालं नाही. माझ्या पायाला मात्र टपोरा फोड आला आणि पुढचे आठ दिवस मी कचेरीत लंगडत होतो. विचारणाऱ्याला सांगायचो, माशाचा काटा लागला.

मी तहसील कचेरीत कारकून आहे. तिथे दिवसभर "बसा", "बघतो", "साहेब आले की कळवतो" असं शुद्ध बोलून माझं तोंड आंबतं. तिथे रागावता येत नाही. मग तो सगळा राग डब्यातल्या उरलेल्या भातासारखा घरी येतो. बायको म्हणते, "तुमचो राग सरकारी नाय, घरगुती आसा." ती हे हसत म्हणते, पण खोटं बोलत नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि एकदा सुटला की समोर कोण आहे हे त्याला दिसत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात मी कुठेही शहाण्यासारखा वागलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गाडी मी आणली ती पिंगुळीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून. साडेतीनशे सीसीची मोटारसायकल, जवळजवळ माझ्याच वयाची. काजूच्या जळाऊ फाट्यांखाली पडली होती. टाकीत पालीची अंडी, सीट उंदरांनी खाल्लेली, चाकांच्या तारा गंजून हातात येत होत्या. टेम्पोत घालून मालवणला आणली तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणाली, "भंगार लोक घरातसून भायर काढतत, आमच्याकडे भायरसून घरात येता." मी म्हटलं, हौस आहे माझी. हौस होतीच. पण आणायचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

कारण माझे बाबा होते. पन्नास वर्षं ते दर्यावर गेले. स्वतःची होडी, तिच्यात डिझेलचं इंजिन, त्या इंजिनाचा आवाज ऐकून ते सांगायचे की आज ह्याला काय हवंय. मग काचबिंदूने एक डोळा गेला, दुसरा अर्धा उरला, आणि डॉक्टरांनी दर्या बंद केला. होडी चुलतभावाला दिली. बाबा घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसू लागले. आभाळ बघून वेळ सांगणारा माणूस दर अर्ध्या तासाने घड्याळात किती वाजले विचारायला लागला. जेवण कमी झालं, दुपारची झोप वाढली, बोलणं संपलं. शेजारच्या घरातली एक बाई मला म्हणाली की म्हातारे असेच जातात, काम सुटलं की. मला तिचा राग आला, कारण ती खरं बोलत होती.

गाडी खळ्यात उतरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीवरून उठले, घरातली जुनी सुरी घेतली आणि मडगार्डाचा गंज खरवडायला बसले. मला कुणी बोलावलं नाही, मी खिडकीतून बघत राहिलो. त्या दिवशी दुपारी त्यांनी भात दोनदा घेतला. पुढची तीन वर्षं ते रोज त्या गाडीशी बसले. बोल्ट घासले, तारा पुसल्या, पत्रा गुळगुळीत केला. डोळ्यांनी कमी दिसायचं ते बोटांनी बघायचे. गाडी माझ्या हौसेची असली तरी तिच्यावर माझ्या बापाचा दिवस उभा होता. हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी जे केलं ते केलं.

इंजिन जुळवलं माझ्या शाळेतल्या सोबत्याने. बाजारात त्याचं गॅरेज आहे. मुसलमान घरातला, त्याचे आजे-पणजे बंदरात गलबतांवर मालाचा धंदा करायचे, बापाचं सुक्या मासळीचं दुकान होतं, हा एकटाच इंजिनात शिरला. शाळेत असताना दुपारचं जेवण निम्मे दिवस तो आमच्याकडे जेवायचा. माझ्या बाबांना तो काकानू म्हणतो, आणि आयुष्यात पहिलं इंजिन त्याने उघडलं ते बाबांच्या होडीतलं, बाबांच्या हाताखाली. त्याच्याशी माझं पस्तीस वर्षांत कधी वाकडं आलं नव्हतं, कारण तो माझा राग आला की कानात कापूस घातल्यासारखा काम करत राहायचा.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तो दिवस आमच्या खळ्यातला सणच होता. सोबत्याने इंजिनाच्या बगलेचं गोल झाकण उघडलं. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, आणि ती वेळेवर पाडायला आत दोन बारीक टोकं असतात. ती एकमेकांना टेकतात, सुटतात, परत टेकतात. त्यांना पॉइंट म्हणतात. पॉइंटच्या शेजारी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक लहानसा तुकडा असतो, त्यावर सोबत्याने तेलाचा एक थेंब टाकला, झाकण लावलं, दोन स्क्रू पिळले आणि मला म्हणाला, मार किक. बाबा शेजारी उकिडवे बसून सगळं बघत होते. गाडी दुसऱ्या किकला धडधडली. बाबांनी टाकीवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. किनाऱ्यावर लोखंड जगत नाही. खारा वारा ते खातो. खिळा, बिजागरी, कुलूप, नळ, विळी, सायकलची साखळी, सगळं पावसाळ्याआधी नि पावसाळ्यानंतर तेलाने पुसतात. बाबा त्यात जरा जास्तच पुढे होते. होडीच्या लाकडाला लावायचं माशाचं तेल एका बाटलीत भरून खांबाला टांगलेलं असायचं, आणि दर आयतवारी, म्हणजे रविवारी, सकाळी ते बाटली काढून कोंबड्याच्या पिसाने घरातल्या लोखंडाला तेल देत फिरायचे. "तेल पिता ता लोखंड जगता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या घराची कडी नुसत्या फुंकरीने उघडेल इतकी बुळबुळीत होती. एकदा त्यांनी बायकोच्या तव्याच्या मुठीला तेल लावलं आणि दोन दिवस भाकरीला बांगड्याचा वास आला. तेव्हा बायको चिडली, मी हसलो.

गाडी मी फक्त आयतवारी चालवायचो. पहिला महिना बरा गेला. मग एका आयतवारी ती मिसिंग मारू लागली. सरळ रस्त्यावर ठीक, पण चढ आला, पिळलं, की फट्‌ फट्‌ फट्‌ आणि मधेच एक घास चुकल्यासारखं फुस्स. सायलेन्सरमधून एक जोरदार फटाका. तारकर्लीला निघालेले मुंबई-पुण्याचे पाहुणे गाड्यांच्या काचा खाली करून मोबाइल काढायचे. एकाने तर थांबून विचारलं, "काका, विंटेज आहे का?" मी त्याला काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही.

सोबत्याकडे नेली. त्याने अर्धा तास काहीतरी केलं, मला चहा सांगितला, आणि गाडी लोण्यासारखी चालू लागली. मी विचारलं काय होतं. म्हणाला, काही नाही, जरा कार्बन होता. पुढच्या आयतवारी परत तेच. परत त्याच्याकडे. परत लोणी. मग पुढच्या आयतवारी परत फटाका. असे पाच-सहा आयतवार गेले. मी पेट्रोलला शिव्या दिल्या. हल्लीच्या पेट्रोलात काय काय मिसळतात म्हणून पंपावरच्या माणसाशी भांडलो. तो बिचारा नळी धरून उभा राहणारा माणूस, त्याने काय मिसळलं होतं? मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एक दाढीवाला सांगे प्लग बदला, दुसरा सांगे कॉइल, तिसरा सांगे कंडेन्सर. मी प्लग बदलला, प्लगची टोपी बदलली, कॉइल कुरिअरने मागवली, कार्ब्युरेटर उघडून त्याच्या जेटमध्ये फुंकरा मारून माझेच गाल दुखले. पॉइंटचं झाकण तेवढं मी उघडलं नाही. कारण सोबती दर वेळी म्हणायचा, "पॉइंट मी बघितलंय, बरे आसत. तू तेका हात लावू नको." काखेत कळसा म्हणतात तो असा.

आणि मग माझ्या डोक्यात ते आलं. ह्याच्याकडे नेली की बरी, घरी आणली की बिघडते. म्हणजे हाच काहीतरी अर्धवट करून ठेवतोय. माझ्या गाडीचे जुने, चांगले पॉइंट काढून कुणा दुसऱ्याला दिले असतील आणि मला घासलेले लावले असतील. म्हणूनच म्हणतो, हात लावू नको. एकदा असा किडा डोक्यात शिरला की मग बाकीचं सगळं त्यात बसत जातं. तो चहा का पाजतो, तो काय बिघडलं ते धड का सांगत नाही, तो माझ्या डोळ्यात का बघत नाही. खरंच बघत नव्हता तो. ते मात्र माझं बरोबर होतं.

त्या आयतवारी गॅरेजवर चार माणसं होती. एकाची स्कूटर उघडलेली, बाकीचे नुसते बसलेले. मी गाडी स्टँडवर लावली आणि हेल्मेट त्याच्या बाकावर आपटलं. तो म्हणाला, बस, चहा सांगतो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"चाय नको माका. माझ्या गाडयेचे पॉइंट कोणाक इकलंस ता सांग."

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं आता हा चिडेल, आणि मला तेच हवं होतं. मला भांडण हवं होतं. तो चिडला नाही. म्हणाला, "घेवन जा गाडी. माझ्यान जमाचा नाय." एवढंच. स्कूटरवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग आपल्या स्कूटरकडे. दोन दिवसांनी कळलं की त्याने ती उघडी स्कूटर तशीच टेम्पोत घालून दुसरीकडे नेली. मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

रागाच्या भरात किक न मारता गाडी ढकलत घरी आलो. तीन किलोमीटर, भर दुपारी, शर्ट अंगाला चिकटलेला. कोणीतरी विचारलं, पेट्रोल संपलं काय? मी ढकलत राहिलो. खळ्यात बाबा उभे होते. त्यांनी विचारलं, मिस्त्री काय म्हणाला? मी म्हटलं, तो चोर आहे. बाबांचा चेहरा एकदम बदलला. म्हणाले, असं बोलू नये, तो आपल्या घरातला पोर आहे. मी तोंड धुवायला निघून गेलो. त्यांना काही सांगायचं होतं का, हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. मला वाटतं नव्हतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

आता सोबत्याकडे नेणं बंद झालं, आणि गाडी दर आयतवारी अधिकच बिघडत गेली. आधी चढावर मिसिंग, मग सपाटीवर, मग सुरूच होईना. मी सोबत्याला मनातल्या मनात रोज नव्याने शिव्या घालत होतो, शेवटच्या वेळी काय करून ठेवलंन माझ्या गाडीला म्हणून. बाबा बिचारे चिंतेत पडले. एकदा मला म्हणाले, "तेल कमी पडता काय रे तेका?" मी ऐकलं आणि सोडून दिलं.

कळलं ते मासे मिळाले नाहीत म्हणून. आयतवारी सकाळी मी बंदरावर मासे आणायला जातो आणि तास-दीड तास तिथे रमतो. त्या दिवशी वारा होता, होड्या आल्याच नव्हत्या, कोळंबीवाली एकटी बसली होती. मी दहा मिनिटांत परत फिरलो. खळ्यात शिरलो तर बाबा गाडीच्या बगलेला पाय दुमडून बसलेले. पॉइंटचं गोल झाकण काढून बाजूला ठेवलेलं. दोन स्क्रू हरवू नयेत म्हणून करवंटीत. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात पीस, आणि ते पीस आत घालून ते अगदी हळू, लहान पोराच्या कानात औषध घालावं तसं, तेल फिरवत होते. माशाच्या तेलाचा वास मला फाटकापर्यंत आला.

डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. पन्नास वर्षं बाबांनी ज्या इंजिनात हात घातला त्यात जास्त तेलाने कधी काही बिघडलं नव्हतं, उलट तेल नसलं की बिघडायचं. सोबत्याने त्या दिवशी आत तेलाचा थेंब टाकलेला त्यांनी बघितला होता. महिनाभराने त्यांच्या मनाने घेतलं, ह्या खाऱ्या वाऱ्यात एका थेंबाने काय होणार? पोर घाईत असतो, आपण नीट देऊ. त्या तेलाचा थर पॉइंटवर जळून काळा व्हायचा आणि ठिणगी मरायची. ही सगळी समजूत मला आता आहे. तेव्हा मला दिसलं ते फक्त पीस.

"तुमी होतास तर," मी ओरडलो. "तीन म्हयने माका येडो केलात. लोकांक चोर म्हटलंय मी तुमच्यापायी. काय कळणा नाय तर हात कशाक लावतात? आजपासून कशाक म्हणान हात लावू नकात. गप एका जाग्यार बसा."

एवढं सगळं मी ओरडलो, शब्दन् शब्द, बायको दारात येईपर्यंत. शेजारच्या घराची खिडकी उघडली. बाबा आधी दचकले, पीस हातातून पडलं. मग त्यांना अर्थ लागत गेला. तो कसा लागत गेला हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि तरी मी थांबलो नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी फडक्याने पॉइंट पुसायला सुरुवात केली. मी म्हटलं, ठेवा ते. त्यांनी ठेवलं. झाकण लावलं, करवंटीतले स्क्रू चाचपून काढले, एकेक पिळला. स्क्रू सरळ बसले. मग "बरा" म्हणाले आणि घरात गेले. बाटली तिथेच जमिनीवर राहिली.

बायकोने बाटली उचलली. मला एवढंच म्हणाली, "झाला समाधान?"

मी पॉइंट पेट्रोलने धुतले, पॉलिश पेपर फिरवला, दोन टोकांमधला गॅप लावला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. चौक्याचा चढ तिने गाणं म्हटल्यासारखा चढला. मला कुठे जायचं होतं हे मलाच कळत नव्हतं, म्हणून मी बाजारात सोबत्याकडे गेलो. मनात म्हटलं, माफी मागू, आणि हसून सांगू की चोर घरातच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काहीतरी वाक्यही मी तयार ठेवलं होतं.

तो गॅरेज बंद करत होता. मी सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. त्याने एकच विचारलं, काकानूंना सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं म्हणजे काय, चांगलं खडसावलं. पस्तीस वर्षांत मी त्याला चिडलेला बघितला नव्हता, तो त्या संध्याकाळी बघितला. त्याने हातातलं कुलूप शटरवर आपटलं.

"माका पयल्याच दिसा कळला होता. त्या तेलाचो वास मी वळखूचंय नाय? दर आयतवारी पुसून काढी होतंय. तेवढ्यान माझा काय जाय होता?" आणि मग आवाज खाली आणून, "म्हाताऱ्याक एक काम होता. ता तू काढून घेतलंस."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, तुला सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस. बाबांना त्याने एकदा सांगून बघितलं होतं, म्हणे. सरळ नाही, आडून. आतमध्ये तेल नसलं तरी चालतं काकानू, असं. तर बाबांनी विचारलं, मग मी काय करू? मग काकानू तेल घालतील, मी पुसेन, असं त्याने स्वतःशीच ठरवून टाकलं. चार माणसांसमोर मी त्याला चोर म्हटलं तेव्हाही त्याने तोंड उघडलं नाही ते ह्याच्यासाठी. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझा सोड. तू चार माणसांत बोललंस ता मी इसराक नाय. पण माझा सोड." आणि कुलूप लावून गेला.

स्कूटरवाल्याच्या घरी जाऊन मी सांगून आलो की चूक माझी होती. त्याने पाणी दिलं, बरं म्हणाला. स्कूटर दुसऱ्या गॅरेजलाच राहिली.

घरी बाबांनी अबोला धरला असता तरी मला सोसलं असतं. धरला नाही. विचारलं त्याचं उत्तर देत होते, जेवायला बोलावलं की येत होते, ताटात वाढलेलं अर्ध्यावर टाकून उठत होते. फक्त हात कशाला लावत नव्हते. मी सांगितलं होतं ना, कशाला म्हणून लावू नका. त्यांनी ते शब्दशः घेतलं. पडलेला तांब्यासुद्धा उचलायचे नाहीत, बायकोला हाक मारायचे. दोन आयतवार गेले आणि दरवाजाच्या बिजागऱ्या कुरकुरायला लागल्या. मी म्हटलं, बाबा, जरा तेल द्या. म्हणाले, "तू दी. तुका कळता." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो. मी चुकलो म्हटलं. म्हणाले, चुकलं माझंच, मीच तुझी गाडी बिघडवली. मी पायाशी बसलो, बायकोनेही सांगून बघितलं, सोबती दोनदा येऊन बसून गेला. त्याच्याशी ते हसून बोलले. तो उठला की परत गप्प. किती वाजले, हे पुन्हा सुरू झालं.

मला त्यांचा राग येत होता. खोटं कशाला सांगू, येत होता. माणसाने एवढं मनाला लावून घ्यावं? मी काय पहिल्यांदाच ओरडलो? जन्मभर ओरडतोय, घरात सगळ्यांना सवय आहे. आणि ह्या सगळ्याच्या वर मला माझा राग येत होता, आणि त्या रागाला लाथ घालायला सायलेन्सर पुरणार नव्हता. गाडी तर अशी चालत होती की कुठे एक ठोका चुकत नव्हता. तिचा तो सरळ आवाज मला ऐकवेना. आयतवारी मी ती काढेनासा झालो.

मग एक दिवस मला सुचलं. सुचलं तेव्हा मला फार हुशारी वाटली. बाबा खळ्यात बसले होते, तोंड रस्त्याकडे. मी गाडी घराच्या मागल्या बाजूला नेली, झाकण उघडलं, पिसाने पॉइंटला चांगलं तेल फासलं आणि झाकण लावून गाडी परत पुढे आणली. पाच-सहा किक मारल्यावर कशीबशी सुरू झाली. पिळलं, तर फट्‌ फट्‌ फट्‌ फुस्स. मागून फटाका. अंगणातली कोंबडी पळाली. मी आवाजात होईल तेवढा वैताग आणला. तो आणायला मला कष्ट पडत नाहीत.

"बाबा, परत मिसिंग मारूक लागली. माका काय कळणा नाय. तुमी बघतात जरा?"

त्यांनी मान वळवली नाही. पण ऐकत होते. डोळे मिटले की ते ऐकतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी पुन्हा पिळलं. पुन्हा तेच. त्यांचा हात खुर्चीच्या मुठीवर आला, उठताना येतो तसा.

"पॉइंटार तेल आसा," ते म्हणाले.

त्यांचा हात मुठीवरून परत मांडीवर गेला.

"जास्त घातलंस," ते म्हणाले. "मी येवढा कधी घालूक नाय."

मी गाडी बंद केली आणि फडकं शोधायला घरात गेलो.